मास्तरांच्या पाठीची शिलाई

“एक इंच! फक्त एक इंच!” दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर दोन बोटांत माप धरून दाखवत होते. “दुर्बिणीने करणार. मणक्यातली चकती सरकून शिरेवर बसलीय, तेवढा तुकडा काढला की झालं! अहो, खिसा शिवायला यापेक्षा मोठा काप घालतो आम्ही!”

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं मशीनवर वाकून कमरेचं पार भजं झालेलं. बढाई जोरात चालली होती, पण आतून माणूस टरकला होता बरं का! कळ एक वेळ सोसली असती, पण आठ महिन्यांपासून उजवं पाऊलच बधिर झालं होतं. पाय पॅडलवर आहे की जमिनीवर, हे खाली वाकून बघावं लागे. एकदा पाय काढलाय अशा समजुतीत ते चष्मा पुसत बसले, आणि मशीनने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय खालून शिवून बंद केला! डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, “कळ जाईल. पावलाचं आत्ता सांगता येणार नाही.” पावलाला जाण आली नाही तर मशीन सुटणार, आणि मास्तरांना दुसरं काय येत होतं?

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी घरी! कळ गेली, पाऊल मात्र होतं तसंच बधिर. “रोज थोडं चाला, आणि पट्टी आठ दिवस काढायची नाही,” असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आता दुसऱ्याने शिवलेला कपडा हाती आला की आधी उलटा करून शिलाई बघायची, ही शिंप्याची जन्माची खोड. तीन दिवस धीर धरला हेच खूप! चौथ्या दिवशी बायको कपडे वाळत घालायला गेलेली पाहून मास्तर न्हाणीघरातल्या आरशाकडे पाठ करून उभे राहिले, हातात दुसरा आरसा धरला आणि पट्टी टर्रकन ओढली.

“अगं, धाव! टाकेच नाहीत!”

बायको चिमटे हातात घेऊनच धावत आली. “पट्टी काढलीत? कोणी सांगितलं होतं?”

“ते सोड! दोरा दिसतोय का बघ!”

तिने चष्मा चढवला. “नाही हो. नुसती रेघ आहे.”

“घातलाच नाही तर दिसेल कुठून! शिवायचं विसरल्या त्या! मी जरा हललो की उसवणार सगळं!”

झालं! मास्तर दाराची चौकट धरून पुतळ्यासारखे उभे. श्वाससुद्धा अर्धाच घेत होते. बायकोने दवाखान्यात फोन लावला, तो लागेना. मग तिने हक्काच्या माणसाला लावला, म्हणजे तिच्या भावाला.

हा मेहुणा लोकांची घरं हलवण्याचं काम करायचा. दहा मिनिटांत दोन गडी, पट्टे आणि जुन्या रजया घेऊन हजर! “दाजी, काही काळजी करू नका. काचेची कपाटं उतरवलीत मी, ओरखडा नाही!”

कापड बेतायचा फळा आणला. त्यावर मास्तरांना पालथं घातलं, दोन रजया गुंडाळल्या, चार पट्टे आवळले. जिन्याच्या वळणावर फळा अडकला.

“उभा करा!” मेहुणा ओरडला.

“अरे, मी माणूस आहे!” रजईतून आवाज आला.

“दाजी, बोलू नका, तोल जातो!”

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी दार उघडलं, समोर उभी गुंडाळी बघितली आणि विचारलं, “घर सोडलंत की काय?” बायको बिचारी रडावं की हसावं या पेचात. सामानाच्या टेम्पोतून वरात दवाखान्यात पोचली, तर रखवालदाराने अडवलं. “सामान मागच्या दाराने!”

शेवटी डॉक्टरीणबाईंसमोर रजया सुटल्या. त्यांनी पाठ बघितली आणि कपाळाला हात लावला. “अहो मास्तर, टाके आहेत! आतून घातलेत. आपोआप विरतात. वरून नुसतं चिकटवलंय.”

मास्तरांनी पालथ्यानेच मान वळवली. “आतून? वर एक टिपका न दिसता?”

“हो.”

“कोणी घातले?”

“मीच.”

तीस वर्षांत मास्तरांनी कुणाच्या तुरपाईला बरं म्हटलं नव्हतं. “हात साफ आहे हो तुमचा,” ते म्हणाले. “पण मॅडम, सुई बाहेर कुठून काढलीत?”

आलाच आहात तर तपासून घेऊ म्हणून डॉक्टरीणबाई त्यांच्या पायांशी गेल्या होत्या. “त्वचेच्या खालूनच फिरवते,” त्या म्हणाल्या आणि उजव्या अंगठ्याला टाचणी लावली.

“आणि शेवटची गाठ? ती तर वर यायलाच... अहो, टोचतंय! जरा थांबा ना, आधी गाठीचं सांगा!”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. बायको मटकन स्टुलावर बसली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

“काय झालं?” मास्तर गोंधळले. “रडतेस कशाला? टाके आहेत म्हणतायत ना त्या!” मग त्यांचं त्यांनाच उमगलं. आवाज एकदम बारीक झाला. “मॅडम... पुन्हा टोचा बघू.”

त्यांनी टोचलं.

“आणखी एकदा!”

“पुरे आता!” डॉक्टरीणबाई हसल्या. “सुरुवात छान आहे. आता घरी चालत जा. गुंडाळून नव्हे!”

घर जवळच होतं. बायकोने सोबत आणलेल्या चपला घालून मास्तर तिचा हात धरून सावकाश निघाले. कोपऱ्यावर उजव्या चपलेत खडा शिरला.

“थांबा, काढते,” बायको म्हणाली.

“खबरदार!” मास्तर म्हणाले. “राहू दे. काय मस्त टोचतोय!”

त्या खड्यासकट ते तिन्ही जिने चढले. संध्याकाळी अंगठ्याला हा एवढा टम्म फोड! ऑपरेशनच्या जखमेचं नावसुद्धा मास्तर आता काढत नव्हते, पण फोड मात्र त्यांनी अख्ख्या इमारतीला दाखवला.