मुकादम वागला तो दिवस

मुकादमाने चढवली नाही अशी वस्तू नव्हती. लोखंडी तिजोरी चढवली, बिलियर्डचं टेबल चढवलं. एका दातांच्या डॉक्टरांची खुर्ची पाचव्या मजल्यावर चढवली, आणि तीही डॉक्टर आत बसलेले असताना, कारण त्यांचा कुणावर भरवसा नव्हता. त्यामुळे मालकाने ऑफिसच्या भिंतीवर एकच इंग्रजी शब्द लिहिलेला कागद चिकटवला, तेव्हा मुकादम म्हणाला, "एवढाच ना? चढवू की."

"चढवायचा नाही, पाळायचाय," मालक म्हणाला. "बिहेव."

"म्हणजे काय?"

"म्हणजे वागा."

मुकादमाने चौथीत शाळा सोडली होती, पण अर्धं वाक्य त्याला लगेच कळायचं. "वागतोच आहे की तीस वर्षं. पण कसं वागा? पुढचं लिहायचं राहिलं का?"

"पुढे काही नसतं. तेवढंच असतं." मालकाचा घरसामान हलवायचा धंदा, तक्रारी यायच्याच. पण आज खणातून निघालेल्या तक्रारीत आकडे घातले होते. "गेल्या आठवड्यात तुम्ही ज्या बाईंचं सामान चढवलंत, त्यांनी पाठवलीय. ऐका. गाढवांनो, अकरा वेळा. रेड्यांनो, एकोणीस वेळा. बैलोबा, सात वेळा. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय बाईंनी. उद्या त्यांचं शेवटचं कपाट जायचंय. आणखी एक तक्रार आली, तर मुकादमकी तुमच्या हाताखालच्या ढोलला देईन. तुम्ही गोदामात बसून खोक्यांना चिकटपट्ट्या लावा."

मुकादमाने आपल्या बोटांकडे बघितलं. चिकटपट्टी त्याच्या बोटांना चिकटायची आणि खोक्याला नाही.

आता या शब्दांची गोष्ट सांगायला हवी. सामान जिन्यात मावलं नाही की त्याचे दोन हमाल, लंबू आणि ढोल, गच्चीवर कप्पी लावून दोर धरायचे. कठड्यामुळे त्यांना खालचं काही दिसायचं नाही. खालून मुकादम ओरडेल तेवढंच. सुरुवातीला तोही साधं ओरडायचा, वर, खाली, थांब, सोड. पण एकदा रस्त्यावरची एक आई पोराला म्हणाली, "सोड रे ते," आणि वरच्या दोघांनी फ्रीज सोडला. तेव्हापासून असं ठरलं, की भर रस्त्यात दुसरं कुणी मोठ्याने म्हणणार नाही तेच शब्द वापरायचे. रेड्यांनो म्हणजे ओढा. बैलोबा म्हणजे ढील द्या. गाढवांनो म्हणजे जागच्या जागी थांबा. वीस वर्षांत दुसरा फ्रीज पडला नाही.

मग हे त्याने मालकाला का नाही सांगितलं? अहो, तोच विसरला होता. चालताना पहिला पाय कुठला टाकता हे तुम्ही तरी सांगाल का?

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने नववीतल्या मुलीला धरलं. तो इंग्रजी शब्द काही डोक्यातून जाईना.

"बाबा, इंग्रजीत नुसतं वागा म्हटलं की नीट वागा असंच होतं. नीट वेगळं सांगत नाहीत."

"मग नीट गेलं कुठे?"

"आतच असतं."

"आत म्हणजे? खोक्यात भरल्यासारखं?"

"तसंच समजा."

"आणि वर चिठ्ठी नाही लावत? उघडणाऱ्याला कळणार कसं?"

बायको भांडी पुसत होती. "पंचवीस वर्षं मी दोन दोन शब्द बोलतेय, नीट वागा, नीट वागा. एकात भागलं असतं तर निम्मा घसा वाचला असता."

"आणि वाईट वागायचं असेल तर?" मुकादमाने विचारलं.

"तर वाईट वेगळं सांगायचं."

हे मुकादमाला फार पटलं. "म्हणजे नीट फुकट, आणि वाईटाचं भाडं वेगळं."

"आणि बाबा, वस्तूसुद्धा वागतात. धातू तापवला की कसा वागतो, ते आमच्या पुस्तकात याच शब्दाने लिहितात."

मुकादम उठून बसला. "वस्तू वागतात हे मी कधीपासून सांगतोय. कुणी ऐकत नाही. गाद्या बिचाऱ्या गरीब. फ्रीज तिरसट. आणि आरशाचं कपाट म्हणजे, त्याचा तर मी नादच करत नाही."

"उद्या काय आहे?" बायकोने विचारलं.

"आरशाचं कपाट."

सकाळी त्याने लंबू आणि ढोलला समोर उभं केलं. "आज वागायचं."

"कसं?" लंबू म्हणाला.

"कसं ते आतच असतं. चला वर."

बाईंच्या नव्या घराखाली कपाट दोराने आवळून उभं होतं. बाईंच्या आईचं कपाट, दारावर माणसाच्या उंचीचा आरसा. बाई शेजारी वही-पेन घेऊन उभ्या. मालकही आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो नेमका कप्पीच्या खाली उभा राहिला, कारण तिथे सावली होती.

मुकादमाने कपाटाला बांधलेला खालचा दोर धरला, घसा साफ केला आणि वर बघून म्हणाला, "लंबूभाऊ, ढोलभाऊ, कृपया ओढावं."

वर काही हललं नाही.

"कृपया ओढावं अशी विनंती आहे."

गच्चीवर ढोल लंबूला म्हणाला, "कुणाशी बोलतोय?"

"फोनवर असेल. कुणीतरी मोठा माणूस दिसतोय."

तिसऱ्या विनंतीला लंबूने कठड्यावरून मान काढली. "मुकादम, आम्हाला म्हणताय का?"

"हो. आपल्यालाच."

लंबूची मान आत गेली. "'आपल्याला' म्हणाला. ताप आलाय त्याला. पटकन ओढू आणि दवाखान्यात नेऊ."

आणि दोघांनी असं ओढलं, की कपाट जमिनीवरून उठून भर्रकन पहिला मजला ओलांडून गेलं. मुकादमाच्या तळहातातून दोर सळसळत निघाला. दुसऱ्या मजल्याचा छज्जा चांगला हातभर बाहेर आलेला. कपाटाचं डोकं सरळ त्याच्याकडे निघालं होतं.

"थांबा," मुकादम ओरडला. "कृपया थांबा."

रस्त्यावरचा टेम्पो थांबला. सायकलवाला थांबला. पिशव्या घेतलेल्या दोन बायका थांबल्या. समोरच्या दुकानात एक जण कात्रीने कापड कापत होता, तोसुद्धा थांबला. फक्त कपाट थांबलं नाही. ते छज्ज्याखाली जाऊन अडकलं, दोर ताणून कुरकुरायला लागला आणि छज्ज्याचं पहिलं ढेकूळ मालकाच्या इस्त्रीवर पडलं.

"मुकादम, काहीतरी बोला," मालक म्हणाला. पाय चिकटल्यासारखा तो तिथेच उभा.

मुकादमाच्या तोंडात शब्द आला होता. जिभेवर होता. पण बाईंचं पेन वहीवर टेकलेलं त्याला दिसत होतं, आणि त्या पेनामागे आख्खं गोदाम. त्याने तोंड मिटलं, उघडलं, परत मिटलं.

तेवढ्यात त्याच्या कानाशेजारी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज फुटला.

"गाढवांनो!"

कपाट जागच्या जागी थांबलं. लंबू थांबला, ढोल थांबला, दोर कुरकुरायचा थांबला. मुकादमाने वळून बघितलं. बाईंनी वही मिटून काखेत धरली होती.

"आता ढील हवी ना?" त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"बैलोबा," बाई ओरडल्या, "हळू." कपाट हातभर खाली आलं. मुकादमाने खालचा दोर ओढून ते भिंतीपासून लांब घेतलं. "गाढवांनो." थांबलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीत वाटीभर पाणी घेऊन दाढी करत होते. आरसा आपल्या पायांनी दारात आलेला बघून त्यांनी डावा गाल उरकून घेतला. "झालं तुमचं?" बाईंनी विचारलं. त्यांनी मान डोलावली. "रेड्यांनो!"

कपाट छज्ज्याच्या बाहेरून, अगदी शहाण्यासारखं, बाईंच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत गेलं. आरशाला ओरखडा नाही.

"बाई, तुम्हाला हे कसं आलं?" मुकादमाने विचारलं.

"शब्दाचा अर्थ वापरावरून कळतो. गेल्या आठवड्यात यादी करत होते तेव्हाच दिसलं, गाढव म्हटलं की थांबतात."

"मग तक्रार का केलीत?"

"शब्द वाईटच होते ना. आजही वाईटच आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मालकाकडे अभिप्रायाची वही मागितली.

मुकादमाने डोळे मिटून घेतले. मालकाने वही परत घेतली, वाचली, शर्टावरची धूळ झटकली आणि परत वाचली. "इंग्रजीत लिहिलंय. वागले, एवढंच. पण बाई, कोण वागले? मुकादम, का कपाट?"

"दोघंही," बाई म्हणाल्या. "दोर यांच्याचकडे राहू द्या."

संध्याकाळी मुकादम तळहाताला मलम लावत बसला होता. बायकोने समोर चहा ठेवला.

"काय मग, वागलात का?"

मुकादमाने बशीत चहा ओतला, फुंकला, आणि मुलगी ऐकत नाही ना ते बघून घेतलं.

"मी वागलो," तो म्हणाला. "बाई नाही वागल्या. म्हणून वाचलो."