पेशंटाबरोबर एक माणूस

जगूदादा मेस्त्रीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकून निघून जाता येत नाही. मालकाला बसावं लागतं. सरकारी इस्पितळात पेशंटाबरोबर घरचं एक माणूस राहतं ना, तसं. जगूदादा ओटीवरच्या बाकड्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "तू हयसर बस. पेशंटाक येकटो टाकून खंय चललंस?"

आमच्या नांदगावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरचे फसतात. एकदा एक हेडमास्तर शाळेचा कॉम्प्युटर ओटीवर ठेवून "झाला की फोन करा" म्हणून निघून गेले. आठ दिवसांनी आले तर मशीन होतं तिथेच, वर धूळ बसू नये म्हणून टॉवेल पांघरलेला. "उघडूक नाय," जगूदादा म्हणाला, "आजार इचारूचो कोणाक? तुमी हुतात खंय?" मग हेडमास्तर रजा टाकून दीड दिवस बसले. जाताना मशीन तर चालू झालंच, शिवाय जगूदादाच्या कोंबड्या कुठे कुठे अंडी घालतात हेही त्यांना पाठ झालं होतं.

दादा मूळचा वायरमन. तीस वर्षं खांबांवर चढला, निवृत्त झाला आणि घरी बसून जीव रमेना म्हणून मुलाचा जुना कॉम्प्युटर उघडून बसला. मुलगा मुंबईला नोकरीला. बायको, म्हणजे आमची काकी, जाऊन तीन वर्षं झाली. दादाला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, चालवता मात्र येत नाही. स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं तर 'ज' शोधण्यात चहा निवतो. मी एकदा चिडवलं, तर म्हणाला, "गुरांच्या डॉक्टराक दूध दिवूक येवूक व्हया काय?"

त्याचे नियम दोनच. पहिला, "संशय सगळ्यांवर, आरोप कोणावर नाय." दुसरा, "एका टायमाक एकच वस्तू बदलूची." दोन वस्तू एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर चोर कोण होता ते कळतच नाही, आणि चोर कळल्याशिवाय दादाला जेवण गोड लागत नाही. आधी तो डबा उघडून हुंगतो. मग मागच्या जाळीला तळहात लावून बसतो, लहान पोराचा ताप बघावा तसा. मीटर सगळ्यात शेवटी.

माझी त्याच्याकडे जायची पाळी आली ती लग्नाच्या हंगामात. मी मुंबईची नोकरी सोडून कणकवलीत लग्नाच्या व्हिडिओचं दुकान टाकलं होतं आणि पहिलंच मोठं काम हातात होतं. लग्न सोमवारी झालं. सुट्टीची सोय बघून रविवारी नवरा-नवरी पाचपरतावणाला नवरीच्या माहेरी यायची होती, आणि दोन्हीकडच्या माणसांसमोर टीव्हीवर फिल्म लावायची असं नवरीच्या वडिलांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. फिल्म झाली नसती तर माझं नाव तालुक्यात कसं गाजलं असतं, ते वेगळं सांगायला नको. आणि मंगळवारी माझ्या मशीनने मान टाकली. फिल्म रेंडरला लावली, म्हणजे सगळे तुकडे जोडून पक्की करायला घेतली, की अर्ध्या-पाऊण तासात पडदा काळा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. दुसरं मशीन उसनं मागावं, तर हंगामात कोण देणार?

असं होतं तेव्हा संशय दोघांवर असतो. एक ग्राफिक्स कार्ड, चित्राचं सगळं जड काम करणारं. दुसरा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटून देणारा पत्र्याचा डबा. दोघांपैकी कोण, ते माझं मला ठरेना. मग गावात अशा वेळी लोक करतात तेच मी केलं. संध्याकाळी देवळात गेलो आणि देवाला कौल लावला.

गुरवाने गाऱ्हाणं छान घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराचा मशीन घडये घडये बंद पडता, तेका आता ह्या नवीन कार्ड घेवचा की नाय, ता तू सांग, आणि जी काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा." मागे उभ्या असलेल्या तिघांनी काहीही न कळता "व्हय म्हाराजा" म्हटलं. देवाला लावलेली उजवी पाकळी पडली, देवाचा होकार आला. बुधवारी सकाळीच मी कणकवलीच्या बाजारातून नवं, आधीच्यापेक्षा दांडगं कार्ड आणून बसवलं. आता मशीन दहा मिनिटांतच बंद पडायला लागलं.

दुपारी मी दादाच्या बाकड्यावर हजर. त्याने सगळी हकिगत वहीत लिहून घेतली. कौलाचं सांगताना मी जरा चाचरलो, पण तो हसला नाही. चष्मा काढून म्हणाला, "काय म्हणान इचारलंस देवाक?"

"नवीन कार्ड घेव काय म्हणान."

"देव काय म्हणालो?"

"घी म्हणालो."

"मगे देव बरोबरच सांगता. कार्ड बिघडला काय, ह्या तू इचारलंसच नाय. देवाक दोष दिवूचो नाय." असं म्हणून त्याने माझ्या जुन्या कार्डाने एकदा आणि नव्या कार्डाने एकदा मशीन चालवून बघितलं, किती मिनिटांत पडलं ते लिहिलं आणि वही मिटली. "उद्या सकाळी ये. बघया."

गुरुवारी त्याने कार्ड काढून ठेवलं आणि मशीन नुसतंच चालू ठेवलं. दिवसभर ते बंद पडलं नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. दुपारी पेज आणि सुकटीची चटणी झाली, मग आंब्यावरच्या वानरांबद्दल बोलणं झालं. शुक्रवारी माझं जुनं कार्ड त्याने आपल्या मशीनमध्ये घालून चालवलं. तिथे ते दिवसभर मुकाट चाललं. "कार्ड निर्दोष सुटला," असं त्याने जाहीर केलं आणि बांगडे तळायला घेतले. माझा जीव टांगणीला लागलेला. मी म्हटलं, "दादा, रविवार इलो." तो म्हणाला, "एका टायमाक एकच."

शनिवारी सकाळी त्याने मीटर लावला, काटा पडताना मला दाखवला आणि निकाल दिला. एसएमपीएस गेला. कणकवलीला जाऊन नवा आण.

मी मोटारसायकल पळवली. कार्ड घेतलं होतं त्या दुकानदाराला काय हवं ते सांगायच्या आत त्याने काउंटरखालून खोकं काढून समोर ठेवलं. "ह्यो तुजो. बुधवारपासून बाजूक काढून ठेवलंय. जगूदादाचो फोन इललो, शनवारी उमेश येयत, तेका दी म्हणान."

बुधवार! म्हणजे पहिल्याच संध्याकाळी याला चोर सापडला होता, आणि मी तीन दिवस बांगडे खात बसलो होतो. येताना सगळ्या वाटेवर मी मनात त्याला शिव्या घातल्या. दादाच्या घरी पोचलो आणि खोकं त्याच्या पुढ्यात आदळलं. "बुधवारीच कळललां तुका?"

त्याने नाकारलं नाही. "व्हय. तू जास्त वीज खाणारो पंक्तीत बसवलंस आणि मशीन आधीपेक्षा बेगीन पडाक लागला. म्हणजे दमलो तो आचारी. ह्या कळाक वही कित्याक व्हयी?"

"मगे तीन दीस माका कित्याक बसवलंस?"

"रविवार माज्या ध्यानात हुतो. तुजा काम मी बुडाक दिलंय नसतंय."

"ता नाय इचारलंय मी."

तो हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मशीन बरा झाला काय मानूस जाता रे. परत कित्याक येतलो? तुजी काकी गेल्यापासून ह्या घरात दुसऱ्या मानसाचो खोकलो आयकाक नाय. तीन दीस बरा वाटला."

माझा राग कुठच्या कुठे गेला. उलट मलाच लाज वाटली. मी खोकं फोडायला घेतलं.

नवा डबा बसला आणि फिल्म चार तास न अडखळता रेंडर झाली. रविवारी पाचपरतावणाला सगळ्यांनी ती दोनदा बघितली, आणि नवऱ्याच्या मामाने तिथल्या तिथे आपल्या मुलीच्या लग्नाचं काम मला सांगितलं. मग मी जो कामात बुडालो, तो बुडालोच. दादाकडे जायचं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं. मशीन बरं झालं होतं ना.

पंधरा दिवसांनी एका दुपारी काम अर्धं टाकून मी गेलो. दादा ओटीवर बनियनवर सुपारी कातरत बसला होता. मला बघून उठला.

"काय बंद पडला?"

"कायच नाय."

त्याने माझ्या खांद्यावरून मोटारसायकलकडे नजर टाकली, मागे काही बांधलंय का ते बघायला. "मगे?"

"तुका बघूक इलंय."

तो आत गेला. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं मला विचारलं, "घरची सगळी बरी आसत मां?"

सकाळीच माझी आई त्याला गिरणीवर भेटली होती. तरी मी एकेकाची खुशाली सांगत बसलो.