काकांना त्रास होतो म्हणे

"तू त्या क्लासात कान घालू नकोस," असं मामीच्या नवऱ्याने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुला मुळात शंका कमी नाहीत. आता त्यांना पद्धत मिळेल."

मामीने ते हसण्यावारी नेलं. क्लास काही तिचा नव्हता. तो होता भाचीचा. नवऱ्याच्या बहिणीची ही मुलगी दहावीला होती आणि अभ्यासासाठी त्यांच्याकडे राहायला आली होती. घरात तिला सगळे ‘वकील’ म्हणत, कारण दूध पी म्हटलं तरी ती आधी दोन मुद्दे मांडायची. तिच्या ऑनलाइन शाळेत ‘संशोधन आणि चिकित्सक विचार’ असा एक कोर्स होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला जायचा आणि मामी कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने समोर मटार सोलत बसायची. आपली लहान मुलगी इथंच खेळतेय म्हणून बसलेय, असा तिचा आव असायचा. प्रत्यक्षात दाणे टरफलांत जायचे आणि टरफलं दाण्यांत.

मामी चांगली पदवीधर होती. पण बाळ झाल्यापासून तिचं सगळं संशोधन एकाच विषयात चालायचं: बाळाला काय काय होऊ शकतं. ‘बाळ शिंकलं’ इथून फोनवर सुरुवात केली की दूध उतू जाईपर्यंत ती जगात मोजक्याच माणसांना झालेल्या आजारापर्यंत पोचलेली असायची. तिच्या मनातलं मी इतक्या खात्रीने कसं सांगते, असं कोणी विचारेल. माझा स्रोत घरचा आहे.

स्क्रीनवरच्या बाईंची एक खोड होती. मुलांच्या लिखाणात ‘म्हणे’ दिसलं की त्या शब्दाला लाल गोल करायच्या आणि शेजारी लिहायच्या, ‘कोण म्हणे?’

"‘म्हणे’ म्हणजे पावती हरवलेला माल," बाई सांगत होत्या. "तो कुठून आला ते शोधा. मूळ माणूस सापडेपर्यंत थांबू नका. तुमच्या आसपास सगळे खरं मानतात असं एक विधान घ्या, आणि विचारत विचारत उगमापर्यंत जा. हाच तुमचा प्रकल्प."

वकिलाने विषय लगेच ठरवला. "‘खालच्या काकांना लहान मुलांचा त्रास होतो.’ सगळी बिल्डिंग मानते."

मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

खालच्या मजल्यावरचे काका जन्मभर बस स्टँडवर अनाउन्सर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, हे सांगण्यात त्यांची नोकरी सरली. आता एकटेच राहायचे. पूर्वी त्यांनी जिन्यात नुसतं "काय, कसं काय?" विचारलं तरी ऐकणारा सामान उचलून निघायच्या तयारीत यायचा. मग कधीतरी तो आवाज बंदच झाला. समोर आले तर मान हलवायची आणि दार लावून घ्यायचं. पोरांचा त्रास होतो म्हणे, असं सगळे म्हणू लागले. पोरं त्यांच्या दारावरून चवड्यांवर जाऊ लागली. बेल वाजवणं तर सगळ्यांनीच सोडलं. मामी मुलीला कडेवर घेऊन, तिच्या तोंडावर हात ठेवूनच तेवढा टप्पा ओलांडायची. पण एकट्या माणसाच्या दाराला आपण असा वळसा घालतो, हे तिला टोचायचं. रोज सकाळी खालून नळाचा आवाज आला की तिला हायसं वाटायचं. आहेत.

"मी सगळ्यांना मेसेज करून विचारणार आहे," वकील म्हणाली.

"मेसेजवर माणूस काहीही ठोकून देतो. डोळ्यांत बघून विचारायला हवं."

"हे बाईंनी शिकवलेलं नाही, मामी."

"हे मी शिकवतेय."

शनिवारी सकाळी मुलीला नवऱ्याच्या हवाली करून दोघी निघाल्या. पहिली साक्ष समोरच्या शिवणवाल्या ताईंची. ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या.

"ताई, खालच्या काकांना मुलांचा त्रास होतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ताईंनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली. "का गं? काय झालं काकांना?"

"काही नाही. नुसतं विचारतेय."

"सकाळी सकाळी दोघी दोघी येऊन नुसतं कोण विचारतं?" ताईंनी आवाज खाली आणला. "मला सेक्रेटरींनी सांगितलं. पण मी सांगितलं असं सांगू नकोस."

सोसायटीचे सेक्रेटरी दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते दारात आले. "मला केमिस्टने सांगितलं. पण आता ही चौकशी कशासाठी? काही गंभीर?"

"नाही हो. हिचा प्रकल्प आहे."

"प्रकल्प," सेक्रेटरी म्हणाले. एखाद्या मोठ्या ऑपरेशनचं नाव घ्यावं तसं ते म्हणाले, आणि मामीची पाठ वळताच त्यांनी फोन उचलला.

तळमजल्यावरच्या केमिस्टने आठवायला जरा वेळ घेतला. "काका ना? या महिन्यात गोळ्या न्यायला आले नाहीत ते. आणि मुलांचं म्हणाल तर, मला तुमच्याच मिस्टरांनी सांगितलं की."

"आमच्या?"

"तुमच्याच. बाळाचे थेंब न्यायला आले होते तेव्हा."

वकील लिहून घेत होती. मामीच्या डोक्यात मात्र गोळ्या अडकल्या होत्या. त्यातच तिला आठवलं की उगमाच्या घाईत आज सकाळी तिने नळाकडे कान दिलाच नव्हता.

घरी नवरा मुलीची नखं कापत होता.

"मी सांगितलं? असेल," तो म्हणाला. "पण मला तूच सांगितलंस ना. बाळ रात्ररात्र रडायचं तेव्हा. जिन्यात मला दटावलं होतंस, ‘हळू बोल, काकांना त्रास होत असेल.’"

"होत असेल, म्हणाली?" वकिलाने विचारलं. "की होतो?"

"असेल."

"म्हणजे मामी म्हणाली ‘होत असेल’. मामाने केमिस्टकाकांना सांगितलं ‘होतो म्हणे’. त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं ‘होतो’. आधी ‘असेल’ गळालं, मग ‘म्हणे’ गळालं." वकिलाने फोन वर धरला. "उगम मिळाला. मामी, जरा सरळ बस, फोटो घेते."

मामी सरळ बसण्याच्या अवस्थेत नव्हती. आपण बाळाच्या रडण्याने शरमून टाकलेला एक शब्द जिना उतरून गेला आणि एका माणसाच्या दाराला कडी लावून आला, हे ती पचवत होती. तेवढ्यात तिचाही फोन वाजू लागला. बिल्डिंगचा ग्रुप होता. सर्वात वर सेक्रेटरींचा मेसेज: ‘खालच्या काकांबाबत चौकशी सुरू आहे. सहकार्य करावे.’ त्याखाली ‘काय झालं?’ त्याखाली ‘गोळ्या थांबवल्यात म्हणे.’ मग ‘सिरियस आहेत.’ मग चौथ्या मजल्यावरून नुसतेच जोडलेले हात. आणि त्यानंतर हातांची रांग.

इतके दिवस मटारांआडून ऐकलेला सगळा कोर्स त्या क्षणी मामीच्या डोक्यातून पुसला गेला. कोण म्हणे, हे विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही. ती एका पायात स्वतःची आणि एका पायात नवऱ्याची चप्पल घालून खाली धावली.

काकांच्या दारासमोर अर्धी बिल्डिंग उभी होती, तीही चवड्यांवर. सगळे कुजबुजत होते. कुलूपवाल्याला बोलावणं गेलं होतं.

"बेल वाजवली का?" मामीने विचारलं.

"बेल?" शिवणवाल्या ताई दचकल्या. "त्यांना त्रास होतो ना."

मामीने बेल दाबली. आत काहीच हललं नाही. तिने पुन्हा दाबली आणि बोट तसंच ठेवलं. आज त्यांना काही झालं असेल तर या दारात कोणी का फिरकलं नाही, याचं उत्तर तिच्या घरात लिहून तयार होतं.

दार उघडलं. काका खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते, केस ओले. त्यांनी एवढी माणसं पाहिली आणि घाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "बाळ उठेल."

"कुठलं बाळ?" मामीही कुजबुजली.

"तुमचं. फार हलकी झोप आहे म्हणे त्याची. माझ्या आवाजाने दचकतं."

"कोणी सांगितलं?" मामीच्या मागून वकिलाने पेन सरसावलं.

"सेक्रेटरींनी."

सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी लिफ्टकडे पाहिलं. "मी आपलं सहज म्हणालो होतो," ते पुटपुटले. "आवाज दणदणीत आहे, बाळाला त्रास होत असेल, एवढंच."

"असेल," वकिलाने लिहिलं आणि खाली रेघ मारली.

एवढ्यात नवरा मुलीला घेऊन खाली पोचला. बाळ आता साडेतीन वर्षांचं होतं आणि मटार खात होतं. त्याने काकांकडे नीट निरखून पाहिलं. "आई, हे काका बोलतात?"

काकांनी टॉवेलने उगाचच कान पुसला.

"म्हणजे मोठ्याने बोललं तर चालेल?" त्यांनी मामीला विचारलं.

"बोला ना, काका," मामी म्हणाली.

काका जिन्याच्या कठड्यापाशी आले, घसा साफ केला. "कृपया लक्ष द्या. खालच्या मजल्यावरचे प्रवासी सुखरूप आहेत. गर्दी केलेल्या मंडळींनी चहासाठी आत यावे. कप आपापले आणावेत."

जिना गच्चीपर्यंत घुमला. चौथ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. केमिस्ट दुकान टाकून वर आला आणि त्याने सगळ्यात आधी गोळ्यांचं विचारलं. पलीकडच्या दुकानात सूट मिळते, असं काकांनी त्यालाही त्याच आवाजात सांगितलं. मुलगी म्हणाली, "अजून."

वकिलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंनी फक्त एक शेरा मारला होता: ‘मूळ स्रोत कितपत विश्वासार्ह?’ त्याखाली वकिलाने उत्तर लिहून पाठवलं: ‘प्रेमळ आहे, पण भरवसा ठेवता येत नाही.’

हल्ली काका संध्याकाळी वर येतात. मुलीचा पुढचा घास कुठल्या बाजूने येतोय ते जाहीर करतात, आणि ती मुकाट जेवते. परवा बोलता बोलता स्टँडवरच्या त्यांच्या जोडीदाराचा, दुसऱ्या पाळीच्या अनाउन्सरचा विषय निघाला. काका सकाळी, जोडीदार दुपारी. नोकरीभर दोघं भेटले ते फक्त ड्यूटी बदलताना, पण तेवढ्यात चहा व्हायचा.

"आता कुठे असतात ते?" मामीने विचारलं.

"मुलीकडे राहायला गेला, असं ऐकलं."

"कोणाकडून?"

काकांनी कप फिरवला. "नाही आठवत," ते म्हणाले. कुजबुजतच म्हणाले.

मामीने आणि वकिलाने शोधलं. फोन लागत नाही, जुनी इमारत पाडली आहे, पुढे धागा तुटतो. म्हणून मी तुम्हाला विचारते आहे. ही मामी कोण, ते एव्हाना तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या जिन्यात उंच, जरासे वाकलेले, कुठलाही आकडा दोनदा सांगणारे गृहस्थ राहतात का? दुधाचे पैसे देतानासुद्धा ‘तीस, तीस’ म्हणणारे? असतील तर त्यांची बेल वाजवा. दार उघडायला वेळ लागला तर परत फिरू नका, पुन्हा वाजवा. आणि त्यांना सांगा, सकाळच्या ड्यूटीवाला विचारतोय, अजून ड्यूटी बदलायला का आला नाहीस.