भिडेकाकांची टोपली

जयपूरला आमच्याकडे पाहुणा आला की शेजारचे भिडेकाका आधी त्याचे खिसे तपासत. ते फाटके नाहीत ना, एवढंच त्यांना बघायचं असे. आमेरचा किल्ला ते हौसेने दाखवत, पण खाल्लेल्या शेंगांची टरफलं ज्याची त्याने खिशात घालून घरी आणायची, ही अट. "खिसे कशाला शिवलेत?" हे त्यांचं पालुपद. माझ्या मेव्हण्याने एकदा संत्र्याची साल किल्ल्याखालच्या तलावात भिरकावली. काका धोतर खोचून पाण्यात उतरले आणि ती ओलीचिंब साल त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. मेव्हणा पुन्हा जयपूरला आला नाही. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

काका मूळ सांगलीचे, विमा कचेरीतल्या बदलीने इकडे आलेले. काकू वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. दर रविवारी ते सायकलवरून आमेरला जात आणि तलावाच्या घाटावरच्या कडुलिंबाला एक टोपली बांधत. वर स्वतः रंगवलेली पाटी: 'कृपया केर इस टोकरी में डालिए.'

सहलीला आलेली माणसं पायऱ्यांवर सोड्याच्या बाटल्या फोडत, पत्रावळी पाण्यात सोडत. काका दुपारपर्यंत एकटे वेचत राहत. लोक त्यांना झाडूवाला समजत. "भैया, इधर भी पड़ा है!" काका तडकून विचारत, "जेब किसलिए सिलवाया है?" की बिचारे घाबरून आपली पाकिटं चाचपत. टोपलीत मात्र कुणी काही टाकत नसे.

नाही म्हणायला एक म्हातारी टाकायची. शेळ्या राखणारी. उन्हाळ्यात ती ओंजळभर हिरवी, वाटाण्याएवढी फळं टोपलीत घालून म्हणे, "बाबूजी, थांका केर ल्याई छूं." म्हणजे, तुमचे केर आणलेत.

इकडे केर म्हणजे काटेरी झुडपाचं फळ, लोणच्याचं. म्हणजे काका वर्षानुवर्षं अख्ख्या आमेरकडे लोणच्याची फळं मागत होते! मी पोट धरून हसलो. म्हटलं, "काका, पाटी बदला. कचरा लिहा."

"ठाऊक आहे रे. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं."

"मग?"

"बदलली तर ती काय टाकेल?"

त्यांच्या फडताळात मी नंतर पाहिलं. बरण्याच बरण्या, सगळ्या केरांच्या. लोणचं घालता येत नव्हतं, म्हणून नुसतीच मिठात ठेवलेली. मला उगीच हसल्याची लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी आली नाही. शेळ्या दुसरंच कुणीतरी राखत होतं. काकांनी विचारलं नाही. घाट तर पूर्वीपेक्षा घाण झाला होता. वेचलेल्या जागेवर संध्याकाळपर्यंत पुन्हा काचा पडत. तरी काका जात, टोपली बांधत आणि रिकामी घेऊन येत.

मला ते बघवेना. एका रविवारी मी बाजारातून पावशेर केर आणले आणि काका पाण्याकडे वळलेले बघून हळूच टोपलीत ओतले.

काका आले. टोपलीवर वाकले. मग एक फळ बोटांत चुरून म्हणाले, "वाळलेले आहेत. ती झाडावरून ताजे तोडून आणायची."

काकांनी एकेक केर वेचला, खिशात घातला आणि झाडाला बांधलेली टोपली सोडायला घेतली.