मापसाहेबांचं टेबल

मापसाहेबांनी जेवणाचं जुनं टेबल आधी भंगारात दिलं आणि नव्या टेबलाचं लाकूड मग आणलं. हा क्रम कुणाला उलटा वाटला असता, साहेबांना नाही. तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा केसभर हलला तरी दंड. तेव्हा चूक करायची ती इतरांनी, असा त्यांचा रीतसर समज होता.

रविवारी व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच जेवायला येणार होते. "टेबल माझ्या हातचं असेल बरं का," हे साहेबांनी फोनवर सांगूनही टाकलं होतं. आता माघार घेणं म्हणजे भर पंगतीत नाक कापून घेणं.

चाकांच्या स्टँडवरचा जुना टेबल सॉ, म्हणजे लाकूड कापायचं मशीन, स्वस्तात मिळाला, पण त्याच्या दातेरी चकतीमागची उभी पट्टी, म्हणजे स्प्लिटर, गायब होती. साहेब हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"चकती आणलीत का?" दुकानदाराने विचारलं. "पट्टी बेतानं घ्यावी लागते, साहेब. चकतीच्या अंगापेक्षा जाड, पण दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा बारीक. नसली तर चीर मिटते, चकतीला आवळते आणि फळी उलटी पोटात येते."

"मला माप शिकवता? तुमचा काटा मीच पास केलाय!"

"म्हणूनच म्हणतो, मापून घ्या."

साहेबांनी डोळ्यांनीच मापलं आणि दुकानातली सगळ्यात जाड पट्टी उचलली. जाड ती मजबूत. विषय संपला.

शनिवारी बायको म्हणाली, "अहो, कपाटातलं ते जाडी मापायचं व्हर्नियर लावून एकदा बघा की."

"ते निरोपसमारंभातलं आहे. सन्मानाची वस्तू. वापरायची नसते."

"बरं. अक्कलही तिथंच ठेवलीय का?"

साहेबांनी मशीन सुरू केलं. फळी झोकात निम्मी कापली गेली आणि पट्टीपाशी येऊन थबकली. रेटली, हलेना. मग मशीन बंद करून, प्लग काढून, त्यांनी शास्त्रशुद्ध उपाय केला: हातोडा. चार घावांत फळी पट्टीवर अशी बसली, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. पट्टी सोडवावी, तर तिचा बोल्ट फळीखाली. फळी सोडवावी, तर तिच्या चिरेत पट्टी.

बायकोने काचेचं कपाट उघडलं, व्हर्नियर काढलं आणि फळीची चीर मापली. "अडीच मिलिमीटर." मग पट्टी मापली. "तीन. दंड किती लावायचा?"

"टेबलाचं काय करायचं ते बोल!" साहेब रडकुंडीला आले.

"हे काय, टेबलच आहे की."

रविवारी बाराला मशीन ढकलत हॉलमध्ये आणलं. चारही चाकं अडकवून टाकली. चकती आणि पट्टीवर बायकोने डालड्याचा रिकामा डबा उपडा घातला, वरून लांबलचक चादर अंथरली आणि डब्यावर फुलदाणी ठेवली. प्लग तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला असता, पण वायर पुरली नाही.

व्याही जेवले. दोनदा त्यांचा गुडघा मोटारीवर आपटला. "काय भक्कम काम आहे हो! बाजारातल्या टेबलांना एवढं वजन कुठलं!" त्यांनी चादरीवरून हात फिरवला. "ती फुलदाणी जरा बाजूला घेऊ का? तुमचा चेहराच दिसत नाही."

"नको!" नवराबायको एका सुरात ओरडली.

"तिची जागा मापून ठरवलीय ह्यांनी," बायकोने सावरलं.

"वा! मग आम्हालाही असंच एक करून द्या. अगदी हुबेहूब."

साहेबांच्या घशात घास अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि ती गोड हसून म्हणाली, "देतील की! महिन्याभरात. मापात ह्यांचा हात कोण धरणार?"

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून साहेब परत आले. त्यांनी फुलदाणी उचलून खाली ठेवली. मग खाकरून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं... त्या काचेच्या कपाटाची किल्ली कुठं ठेवलीस?"