सोफ्यामागचं गुपित

भोकं बुजवणं म्हणजे जावईबापूंच्या मते डाव्या हातचा मळ! पाडताना मात्र त्यांनी उजवा हात लावला होता आणि तीन भोकं चांगली खोल पाडली होती.

भिंत सासऱ्यांची. म्हणजे घरही त्यांचंच, पण बैठकीतल्या या भिंतीचा मान वेगळा. तिच्यावरच्या लाकडी पट्ट्या त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. येईल त्या पाहुण्याला ते छाती फुगवून सांगत, "या भिंतीला आजवर एक खिळा लागलेला नाही!" सासू-सासरे प्रवासाला गेले. घर सांभाळायला आलेल्या जावईबापूंनी त्यांना खूश करायला तिथे फळी ठोकली. फळी लागली तिरकी. बायकोने ती काढायला लावली.

"बाबा संध्याकाळी येतायत! हे पाहिलं तर तुला पाणीसुद्धा विचारणार नाहीत."

"संध्याकाळी भोकं कुठे होती ते तुलाही सापडणार नाही!"

भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. ती वाळली आणि तपकिरी भिंतीवर तीन पांढरेफटक डोळे उघडले. वरून रंग लावला, तर डोळ्यांत काजळ घातल्यासारखं झालं. मग पॉलिश पेपरने घासलं. रंग गेलाच, पण आजूबाजूचं जुनं पॉलिशही गेलं! एकेक भोक आता बशीएवढं दिसायला लागलं. बायकोने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"आधी सोफ्यामागे रंग लावून बघू," जावईबापू घाम पुसत म्हणाले. "तिथे कोण बघतंय?"

सोफा ओढला, आणि दोघं बघतच राहिली. भिंतीवर फिक्या रंगापासून गडदपर्यंत ठिपक्यांची ओळ आधीच हजर! खाली बुटाच्या पॉलिशची सुकलेली डबी. डोळे बारीक करून शोधल्यावर कोपऱ्यात बुजवलेली दोन भोकंही सापडली.

"आमचे बाबा?" बायकोने डबी उचलून उलटीसुलटी पाहिली.

सासऱ्यांविषयी इतकं प्रेम जावईबापूंना लग्नातही वाटलं नव्हतं! ओळीतला शेवटचा ठिपका भिंतीशी तंतोतंत जुळत होता. त्यांनी धावत जाऊन तपकिरी बूटपॉलिश आणलं आणि भिंतीवर चोळलं. काम बेमालूम झालं!

संध्याकाळी सासू-सासरे आले. सासऱ्यांनी बॅग ठेवली, भिंतीवरून हात फिरवला, मध्येच थांबवला आणि बोटं हुंगली.

सासरे जावईबापूंच्या कानाशी आले. "सोफा हलवलात?"

"हो."

"तुमच्या सासूबाईंना सांगू नका. आणि वरून मेण लावायचं असतं, नाहीतर..."

"अगंबाई!" भिंतीला टेकून चपला काढणाऱ्या सासूबाई ओरडल्या. त्यांच्या नव्या पांढऱ्या शालीवर तीन तपकिरी चट्टे उठले होते.

"लाकूड कधीकधी रंग सोडतं..." सासरे छताकडे बघत म्हणाले.

"माझ्या पिवळ्या स्वेटरच्या वेळीही हेच म्हणाला होतात!" सासूबाईंनी शाल नाकाशी धरली. "डबीत उरलंय ना अजून? मग सगळ्यांचे बूट-चपला घ्या आणि बसा दोघं. चहा त्यानंतर!"

दोघं मान खाली घालून बसले. जावयाकडे ब्रश सरकवत सासरे हळूच म्हणाले, "पण शेड मात्र झकास जुळवलीत!"