बापूजींची हरकत

नव्या आमदारांसाठी आलेली पुस्तकांची पिशवी उघडण्याआधी बापूजींनी हातपाय धुतले. आत कामकाजाची नियमावली होती, तिच्यावरच्या टिपांची पुस्तिका होती, अर्थसंकल्प कसा वाचावा हे सांगणारा उशीएवढा ग्रंथ होता आणि तळाशी एक कार्ड होतं: अडचण आल्यास मदत कक्षाला फोन करावा. बापूजींनी सगळं चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि हात जोडून जे बसले ते बसलेच.

"पूजा केली म्हनजे वाचल्यावानी होते का?" त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, चुलीपासूनच विचारलं.

"ग्रंथ आधी घरात रुळू दे. मंग वाचू."

खरं म्हणजे माणूस अजून धक्क्यातून सावरला नव्हता. राळेगावच्या पंचक्रोशीत कीर्तन कुठंही असो, बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहणारे बापूजी ठरलेले. गळा असा, की बुवांनी ओळ अर्धी सोडून मागे नुसतं पाहावं आणि बापूजींनी ती उचलून सजवून परत द्यावी. तिकिटासाठी दोन मातब्बर भांडले, एकमेकांना अडवता अडवता दोघंही बाजूला राहिले आणि पक्षानं म्हटलं, ज्याला प्रत्येक गाव ओळखतं तो उभा करा. गावं ओळखत होती, त्यांनी निवडून दिलं. निकालाच्या दिवशी सगळ्यांत जास्त दचकलेला माणूस खुद्द विजयी उमेदवार होता.

प्रचारात त्यांनी एकच वचन दिलं होतं. पिंपळधऱ्याच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका बिनकठड्याचा पूल, तीन ठिकाणी खचला, तशी एसटी नाल्याच्या अलीकडच्या काठावरच थांबायला लागली होती. शाळेच्या पोरी चपला हातात घेऊन पाण्यातून जायच्या. बापूजी देवळाच्या ओट्यावर उभं राहून म्हणाले होते, "सभागृहात माह्या तोंडून पयला शब्द निंघन तो या रपट्याचा." आता तो शब्द बाहेर कसा काढायचा, हे त्या चौरंगावरच्या ग्रंथांत कुठंतरी होतं.

म्हणून त्यांनी मदत कक्षाला फोन केला आणि दुसऱ्याच आठवड्यात नाहिद आली. यवतमाळच्या कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी, राज्यशास्त्र शिकलेली, नव्या आमदारांना कामकाज शिकवायला नेमलेली. तिच्यापाशी सगळ्या धड्यांचे व्हिडिओ होते, पण बापूजींच्या फोनवर ते चाळणीसारखे गोल गोल फिरत राहायचे. शेवटी तिनं फोन बाजूला ठेवला आणि तोंडी शिकवायला सुरुवात केली.

"मंत्री उत्तर देताना प्रश्न सोडून भलतंच बोलायला लागले, नियमाबाहेर गेले, तर गप्प बसायचं नाही, साहेब. उभं राहायचं आणि हरकत घ्यायची."

बापूजींचे डोळे चमकले. "हरकत? सभागृहात?"

"हो. कोणत्याही सदस्याचा हक्क आहे तो."

आता कीर्तनातल्या माणसाला हरकत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ओळ गाता गाता गळा एखाद्या सुराभोवती चटकन फिरून येतो, चिमणी अंगणात उतरून दाणा टिपून उडावी तसा, ती हरकत. नाहिद सांगत होती ती कायद्यातली: समोरचा चुकला की नियम दाखवून त्याला अडवायचं. शब्द एकच, आणि दोघांनाही त्याचा अर्थ आपल्या आईच्या नावासारखा पाठ. मग विचारायचं कोणी आणि कशाला?

"लहान घेतलेली बरी," बापूजी अनुभवानं म्हणाले.

"एकदम बरोबर. लांबण लावली की अध्यक्ष खाली बसवतात."

"बसवतीनच. लांबवली का मानूस समेवर येत नाई."

"हो ना, मूळ मुद्द्यावर परत येता आलं पाहिजे," नाहिद खूश होऊन म्हणाली. इतका समंजस विद्यार्थी तिला अजून मिळाला नव्हता.

"पट्टी कोनती?"

"आवाज फार चढवू नका. पण शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे."

"आन् साथीले?"

"तुमची हरकत योग्य असेल तर बाकीचे सदस्य बाक वाजवतात."

बापूजींनी चौरंगावरच्या नियमावलीला पुन्हा एकदा नमस्कार केला. विधानसभा म्हणजे भांडणाचा अड्डा असं त्यांना लोकांनी सांगितलं होतं. आणि इथं तर गाण्याला साथसंगतीची सोय सरकारनंच करून ठेवलेली.

त्या संध्याकाळी त्यांनी युनूसभाईला बोलावून घेतलं. युनूसचं राळेगावात गॅरेज होतं. दिवसा ट्रॅक्टर उघडायचा, रात्री कीर्तनाला पखवाज वाजवायचा, आणि बापूजींचा गळा कुठं वळणार हे बापूजींच्या आधी त्याला कळायचं. त्यालाही ऐकून नवल वाटलं. त्यानं जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवून पाहिली, सागवानी बाक यापेक्षा बरा बोलेल असा अभिप्राय दिला आणि दोघांचा रियाज सुरू झाला.

शकुबाईंना मात्र पटत नव्हतं. "टीव्हीवर तं तिथं नुसता कल्ला दिसते. गानं कोनी म्हनत नाई."

"बेसूर लोकं हायेत, म्हनून कल्ला वाटते," बापूजी म्हणाले.

अधिवेशनाच्या आधी यवतमाळला नव्या आमदारांचा अभ्यासवर्ग झाला. शेवटच्या सत्रात खोटं सभागृह भरवून सराव करायचा होता. जागा एका मंगल कार्यालयाची. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं उतरवायची राहिली होती, त्यामुळे अध्यक्षांची खुर्ची नवरा-नवरीच्या कमानीखाली आली होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी बसले. मंत्री झाले इंद्रजितराव, दोन वेळा आमदार राहिलेले, उत्तर न देता बोलत राहण्यात मुरलेले. आसपासच्या जिल्ह्यांतले नवे आमदार बाकांवर होते. मागे प्रेक्षकांत नाहिद होती आणि तिच्या शेजारी, साथीला म्हणून खास आलेला युनूस.

बापूजींनी रपट्याचा प्रश्न नीट वाचला. इंद्रजितराव उठले आणि राज्यातल्या एकूण नाल्यांविषयी बोलू लागले. मग नद्यांविषयी. मग म्हणाले, "सदर रपटा सुस्थितीत आहे."

नाहिदनं मागून खूण केली: हरकत.

बापूजी उठले. टोपी सारखी केली. "अध्यक्ष महोदय, हरकत घेतो."

"घ्या," अध्यक्ष म्हणाले.

बापूजींनी डावा हात कानावर ठेवला, डोळे मिटले. समोरच्यानं सोडलेली ओळ उचलायची, ही आयुष्यभराची सवय. त्यांनी इंद्रजितरावांची ओळ उचलली.

"सुस्थितीऽऽत आऽऽऽहे..."

'सुस्थिती'पाशी गळा असा काही फिरला, असा गिरकी घेऊन 'आहे'वर उतरला, की कमानीची फुलं थरथरली असं मागाहून काही जण सांगत. मागून युनूसनं बाकावर थाप दिली. बाक वाजवायचे असतात हे सकाळीच शिकलेल्या दोन नव्या आमदारांनी घाबरून आपलेही बाक वाजवले. बापूजी 'रपटा' शब्दावर आणखी एक छोटी हरकत घेऊन बरोब्बर समेवर आले आणि डोळे उघडले.

समोर सगळी माणसं जागच्या जागी थिजली होती. अध्यक्षांचा हात घंटेवर होता, पण घंटा वाजवायची की नाही हे हाताला कळत नव्हतं. इंद्रजितराव, ज्यांना दहा वर्षांत कोणी निरुत्तर करू शकलं नव्हतं, ते तोंड उघडं ठेवून उभे होते. नाहिदनं ओढणी तोंडावर दाबून धरली होती. बापूजींना कोणी वाहवा म्हणेना तेव्हा त्यांच्या मनात पहिलं हेच आलं, की सूर कमी लागला काय.

खरा अर्थ त्यांना नाहिदनं कार्यालयाच्या मागं, भांडी धुण्याच्या हौदापाशी सांगितला. चूक माझी आहे, म्हणाली, मीच तुम्हाला अर्थ विचारायला हवा होता. बापूजी हौदाच्या काठावर मटकन बसले.

"म्हनजे मंत्री खोटं बोलले," ते हळूहळू म्हणाले, "आन् म्या तेच गाऊन दाखवलं?"

राळेगावला पोचेपर्यंत ती हरकत त्यांच्या आधी घरी पोचली होती. कोणीतरी ती फोनवर टिपली होती आणि वणीपासून ढाणकीपर्यंत लोक ती एकमेकांना पाठवत होते. काही लोक हसले, काहींनी तिची रिंगटोन केली. पक्षाच्या मोठ्या माणसाचा फोन आला तो मात्र कोरडा होता: या अधिवेशनात आपण तोंड उघडू नये. बापूजींना ते पटलंच होतं. त्यांनी जेवायचं ताट सारलं आणि टाळ कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिले. हे पाहून मात्र शकुबाई हादरल्या. सासरे गेले तेव्हासुद्धा ते टाळ कपाटात गेले नव्हते.

त्या समोर येऊन बसल्या. "पोरी चपला हातात घेऊन नाला वलांडतात. त्यायले काय सांगू? आमदाराचा गळा बसला म्हनून?"

दुसऱ्या दिवशी बापूजींनी नाहिदला फोन करून बोलावलं, आणि या वेळी तिनं वापरलेल्या एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला. 'लक्षवेधी' म्हणजे काय, 'पटलावर ठेवणे' म्हणजे कोणत्या पाटावर. नाहिदही आता दर शब्दाला थांबून विचारायची, "साहेब, तुमच्याकडं याला काय म्हणतात?"

नागपूरचं अधिवेशन सुरू झालं. रपट्याचा प्रश्न चर्चेला आला. मंत्री उठले, खरे मंत्री, आणि त्यांनी हातातल्या कागदावरून वाचलं, "सदर रपटा सुस्थितीत आहे."

तीच ओळ, शब्दही तेच. पक्षाचा माणूस मागं वळून त्यांना डोळ्यांनी बसवत होता. पण कोणी ओळ सोडली आणि बापूजी गप्प राहिले, असं आजवर झालं नव्हतं.

"अध्यक्ष महोदय," ते उठले, "हरकत हाय."

आणि सभागृह गपकन शांत झालं. समोरासमोर ओरडणारे थांबले, गप्पा मारणारे वळले, बाहेर निघालेले दारातच उभे राहिले. ती फीत सगळ्यांनीच पाहिली होती. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सन्माननीय सदस्य," ते जपून म्हणाले, "हरकत... कोणत्या प्रकारची?"

"बोलाची, महोदय."

कोणी हसलं नाही. न जाणो, मधेच गाणं सुरू झालं तर चुकायला नको, म्हणून सारे कान टवकारून बसले होते. पहिल्यांदा बोलणाऱ्या आमदाराला एवढी शांतता मिळत नाही. त्या शांततेत बापूजींनी नियम सांगितला, नाहिदनं घोटून घेतलेला, न अडखळता. मग रपटा कुठं कुठं खचला ते सांगितलं, एसटी कुठं थांबते ते सांगितलं आणि पोरींच्या हातातल्या चपला सांगितल्या. बोलून झालं तरी कोणी मध्ये बोललं नव्हतं.

मंत्र्यांनी कागद पालथा घातला. मागं बसलेल्या अधिकाऱ्यांशी कुजबुजले, आणि म्हणाले, "तिथं नवा पूल बांधण्यास शासनाची हरकत नाही."

दोन्ही बाजूंचे बाक वाजले. ठेका काही धड नव्हता, पण बापूजींना तो गोड लागला.

दुपारी बाहेर व्हरांड्यात आले तोच युनूसचा फोन. आवाजात विश्वासघात झाल्याचं दुःख होतं. "बापूजी, अख्खं गाव टीव्हीपुढं बसून होतं. म्या टेबल पुसून ठेवला. तुमी गायलेच काहून नाई?"

"अरे, पूल भेटला ना."

"पूल तं भेटला," युनूस म्हणाला, "पन आमाले सांगाले पाह्यजे होतं."

त्याची समजूत काढत असतानाच खांद्यावर हात पडला. मागे मंत्री उभे होते. बापूजींनी घाईनं फोन खिशात टाकला. आता काय ऐकावं लागणार कोण जाणे. मंत्र्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बापूजी, एक विचारू? ते तुमचं यवतमाळचं 'सुस्थितीत आहे', ते कशात घेतलं होतं?"

"भैरवीत, साहेब," बापूजी हात जोडून म्हणाले. "संपत आलं का भैरवीच घेतात. रपट्याचं बी संपतच आलं होतं."